बुडीत खर्च आणि परतीची वाट

‘एवढा त्रास होता तर मग सोडून का दिले नाही?’ हा प्रश्न आपल्या समाजात फार सहज विचारला जातो. त्याची उत्तरेही आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहेत. मुले, माहेरची परिस्थिती, लोकलज्जा, पैसा ही कारणे सांगितली की विचारणारा मान डोलावतो. परंतु याहून कठोर असा दुसरा एक प्रश्न आहे आणि तो बहुधा संबंधित व्यक्तीच्या पाठीमागे विचारला जातो. ‘सुटली होती ना एकदा? मग परत कशाला गेली?’ या दुसऱ्या प्रश्नात सहानुभूती संपलेली असते. जी बाई एकदा निघून आली आणि पुन्हा गेली, तिच्यासाठी तिसऱ्यांदा दार उघडायला नातेवाईक, शेजारी, सहकारी, कोणीही तयार नसते. ‘तिलाच ते हवे आहे’ असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात.

हा निकाल चुकीचा आहे असे माझे मत आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, मानसशास्त्र नव्हे. तरीही माणसे तोट्याच्या व्यवहारात का अडकून पडतात आणि बाहेर पडल्यावरही पुन्हा त्याच व्यवहाराकडे का वळतात, हा आमच्या विषयाचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून या बाबतीत दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की, येथे मारहाणीविषयी बोलावयाचे नाही. अंगावर वळ नसलेल्या छळाविषयी बोलावयाचे आहे. पगाराच्या दिवशी पाकीट नवऱ्याच्या हाती द्यायचे आणि रिक्षाच्या पैशांचा हिशेबही त्यालाच द्यायचा. पाहुण्यांसमोर ‘हिला काय कळतंय’ म्हणून हसायचे आणि तिचा चेहरा उतरला की ‘साधी थट्टाही समजत नाही’ म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडले म्हणून पंधरा दिवसांचा अबोला. मैत्रिणींचे फोन हळूहळू बंद, माहेरी जाणे हळूहळू कमी. झालेली गोष्ट ‘झालीच नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे इतक्या वेळा सांगायचे की शेवटी तिलाच आपल्या आठवणीचा भरवसा वाटेनासा व्हावा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे बुक्कीही नसते, फक्त तोंड दाबलेले असते.

आपला कायदा या प्रकाराला ओळखत नाही असे मात्र नाही. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात शारीरिक आणि लैंगिक छळाच्या जोडीला ‘शाब्दिक व भावनिक छळ’ आणि ‘आर्थिक छळ’ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यापूर्वी १९८३ साली दंडसंहितेत आलेल्या ४९८-अ कलमाच्या स्पष्टीकरणातही मानसिक आरोग्यास गंभीर इजा पोचविणारे वर्तन क्रूरतेत धरले होते. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत गेली आहे. म्हणजे शब्द आहेत. घराघरांत ते पोचलेले नाहीत, एवढेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत विवाहित वा पूर्वी विवाहित अशा १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक हिंसा झाल्याचे सांगितले, तर भावनिक हिंसा झाल्याचे सांगणाऱ्या निघाल्या १४ टक्के. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि विद्यार्थ्यांना विचारते की यात काही खटकते का? मार खाणारी बाई अपमानही सोसतेच, असे आपला अनुभव सांगतो. मग अपमानाचा आकडा माराच्या निम्मा कसा? पाहणीत प्रश्न तीनच होते: चारचौघांत अपमान केला का, तुम्हाला वा जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी दिली का, आणि हिणवून स्वतःविषयी वाईट वाटायला लावले का. अबोला, पैशाची अडवणूक, माहेर तोडणे या गोष्टी त्या तीन प्रश्नांत बसत नाहीत. आणि दुसरे असे की, गालावर बसलेली चपराक आठवते, मोजता येते. टोमणा हा ‘घरोघरी मातीच्या चुली’ या खात्यावर जमा होतो. आकडेशास्त्रातले हे एक जुने सत्य आहे की, मोजले जाते ते दिसते आणि जे नाव घेऊन विचारले जात नाही ते शून्य समजले जाते. त्याच पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के होत्या. ज्या हिंसेची खूण अंगावर असते तिच्याविषयी ही स्थिती, तर बिनखुणेच्या छळाविषयी काय बोलावे!

आता परतीच्या ओढीकडे वळू.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्ही ‘बुडीत खर्च’ शिकवतो. जो पैसा खर्च झाला आणि कोणत्याही मार्गाने परत मिळणार नाही, त्याचा पुढच्या निर्णयाशी संबंध ठेवू नये, असे पुस्तक सांगते. चित्रपट कंटाळवाणा निघाला तर तिकिटाचे पैसे गेलेच आहेत. उरलेले दोन तास का घालवायचे? विद्यार्थी लगेच मान डोलावतात. पण प्रत्यक्षात माणूस तसे वागत नाही. दहा वर्षे तोट्यात चाललेले दुकान तो अकराव्या वर्षी याच कारणासाठी चालवितो की, दहा वर्षे घातली आहेत. संसारात तर आपण या चुकीला पावित्र्य बहाल केले आहे. ‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण म्हणजे बुडीत खर्चाचे तत्त्वज्ञानच होय. बारा वर्षांचा संसार, त्यात घातलेले कष्ट, सोसलेली बोलणी, जुळवून घेण्यासाठी सोडलेली नोकरी किंवा नाकारलेली बढती ही सारी गुंतवणूक ‘आता सुधारेल’ या आशेवर केलेली असते. बाहेर पडणे म्हणजे ती सगळी बुडाली असे स्वतःच्या तोंडाने कबूल करणे. परत गेले तर निदान खाते बंद होत नाही. ते वसूल होण्याची आशा कागदावर तरी शिल्लक राहते. म्हणून जितके अधिक सोसले तितकी ओढ कमी व्हावी असे तर्क सांगतो आणि घडते उलट.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक लहानसे पुस्तक लिहिले. स्वतः तो १९३३ साली जर्मनी सोडून निघालेला माणूस होता. निघून जाणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोणतीही संस्था बिघडू लागली की तिच्यातल्या माणसाला दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठविणे, असे त्याने मांडले. या दोहोंमध्ये तिसरी एक शक्ती काम करते ती म्हणजे निष्ठा. निष्ठा निघून जाणे लांबविते. आवाजाला वेळ मिळवून देते. पण त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या विषयाला फार लागू पडते. ज्या गटात शिरताना भारी किंमत मोजावी लागते, त्या गटाचा बिघाड सभासदांना लवकर दिसत नाही. दिसला तरी ते स्वतःची फसवणूक करीत राहतात. आपल्याकडे लग्नाला किती किंमत मोजावी लागते हे सांगावयास नको. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे आठवून कित्येक मुलींनी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली आहे. आणि प्रेमविवाह असेल तर किंमत निराळी पण तितकीच जड. आईवडिलांचा विरोध पत्करून केलेले लग्न मोडले असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तेथे परतीची वाट दोन्हीकडून बंद असते.

एवढ्याने मात्र ओढीचा उलगडा पुरा होत नाही. केवळ हिशेबाची चूक असती तर समजावून सांगून सुटली असती. जी बाई सगळे समजून-उमजून बाहेर पडली आहे, जिला कोणी काही शिकवावयाची गरज नाही, तीसुद्धा तीन महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी फोनकडे पाहत बसते. का?

याचे उत्तर गोड दिवसांत आहे. छळणारा माणूस सतत छळत नाही. तसे असते तर सुटणे सोपे झाले असते. पंधरा दिवसांच्या अबोल्यानंतर एका सायंकाळी तो गजरा घेऊन येतो. ‘माझेच चुकले’ म्हणतो, डोळ्यांत पाणी आणतो, गणपतीपुळ्याची सहल काढतो. त्या दोन दिवसांत तो लग्नाच्या पहिल्या वर्षीचा माणूस असतो. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरील प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कळ दाबली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर थोड्याच वेळात कळ सोडून देते. परंतु दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते कितीतरी अधिक वेळ टोचीत राहते. लॉटरीच्या दुकानापुढची गर्दी याच नियमाने जमते. अनिश्चित बक्षिसाची आशा निश्चित बक्षिसापेक्षा चिवट असते. घरातल्या बाईला ‘आज तो कसा असेल’ या एकाच प्रश्नाभोवती दिवस फिरवावा लागतो. आणि जेव्हा तो चांगला असतो तेव्हा होणारी सुटका इतकी मोठी वाटते की तिलाच ती प्रेम समजते. जखम करणारा आणि फुंकर घालणारा हात एकच असतो, हे या गुंत्याचे मर्म आहे.

डटन आणि पेंटर या कॅनडातील अभ्यासकांनी या बंधाला १९८१ साली नाव दिले आणि पुढे १९९३ साली, नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींना मारहाण झाली होती, काहींचा छळ केवळ भावनिक होता. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा त्या माणसाविषयीची ओढ सुमारे चतुर्थांशाने कमी झालेली आढळली. चतुर्थांशानेच! म्हणजे अर्ध्या वर्षानंतरही बरीचशी ओढ शिल्लक होती. हा निष्कर्ष निराशाजनक वाटेल, पण मला तो उलट दिलासा देणारा वाटतो. ओढ शिल्लक असणे हा आपला निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे, हे त्यातून कळते. आठवण येते, रडू येते, त्याच्या आवडीची भाजी करताना हात थबकतो. हे सारे घडणारच, आणि घडत असतानाही न परतणे शक्य आहे. ओढ संपल्यावर निर्णय घेईन असे म्हणणाऱ्याचा निर्णय फार लांबणीवर पडतो.

या काळात स्मृतीवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. स्मृती हा प्रामाणिक कारकून नाही. ती जमेच्या बाजूला गजरे लिहून ठेवते आणि नावेची पाने फाडून टाकते. म्हणून दुकानदार जसा रोजमेळ लिहितो तसा लिहावा. कोणत्या तारखेला काय बोलले गेले, कोणासमोर, त्यानंतर किती दिवस अबोला, किती पैसे मागितले, किती मिळाले. शोभेची भाषा नको, नुसत्या नोंदी. त्या वहीचा उपयोग पुढे वकिलालाही होतो, पण पहिला उपयोग स्वतःलाच. रात्री अकरा वाजता ‘इतके काही वाईट नव्हते’ असे वाटू लागले की वही उघडावी. वही मात्र मैत्रिणीकडे किंवा कार्यालयातल्या खणात ठेवावी. घरात ठेवून ती सापडण्याचा धोका पत्करू नये.

दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नेमके हेच होते. ज्याने वर्षभरात एकदा चौकशी केली नाही तो दिवसाला वीस फोन करतो. पत्रे, संदेश, फुले, मग धमक्या, मग पुन्हा फुले. सासूबाई ज्या कधी फोनवर आल्या नव्हत्या त्या रडतात. कबुतराचा दाणा बंद झाल्यावर तेही सुरुवातीला अधिक जोराने टोचते, हे येथे आठवावे. या भडक्याला प्रेम समजणे ही सर्वांत सामान्य चूक. आणि विसाव्या फोनला उत्तर देणे ही दुसरी, कारण त्यामुळे वीस फोन करावे लागतात एवढेच पलीकडच्याला समजते. बोलणे मुलांपुरते आवश्यक असेल तर ते लेखी, कामापुरते आणि शक्य तर तिसऱ्या व्यक्तीमार्फत असावे.

यांतला एक प्रकार फार अवघड आहे. ‘तू आली नाहीस तर मी जीव देईन.’ ही धमकी पोकळ म्हणून झटकून टाकू नये आणि तिला शरण जाऊन परतही जाऊ नये. त्याच्या भावाला, मित्राला, तातडीचे असेल तर पोलिसांना त्याच क्षणी कळवावे. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे, तो क्रमांक त्याला आणि घरच्यांना द्यावा. जीव वाचविण्यासाठी डॉक्टरची गरज असते. ज्या घरात स्वतःचा श्वास कोंडला होता त्या घरी परत जाणे हा त्यावरचा उपचार नव्हे. आणि हेही लिहिणे भाग आहे की, ताबा सुटतो आहे असे दिसताच आजवर हात न उगारलेला माणूसही हात उगारू शकतो. अनेक देशांतील अभ्यासांत विभक्त होण्याचा काळच अधिक धोक्याचा आढळला आहे. ‘शेवटचे एकदा भेटून बोलू’ या निमंत्रणाला एकटीने, बंद घरात जाऊ नये. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आणि पोलिसांच्या जोडीने काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष या वेळी उपयोगी पडतात. असा पहिला कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू झाला होता.

ओढ आतून असते तसा रेटा बाहेरून असतो, आणि हा रेटा आपण सारे मिळून लावतो. ‘नांदायला पाठविणे’ हा शब्दप्रयोगच पाहा. बाईने स्वतः जावयाचे नसते, तिला पाठवावयाचे असते. बैठक बसते, चहा होतो, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ‘थोडे तुझे, थोडे त्याचे’ असा मध्य काढतात. जेथे एक जण बोलतो आणि दुसरा वर्षानुवर्षे गप्प बसतो तेथे मध्य कोठे असतो हे मला आजवर कळलेले नाही. तडजोड झाली की मंडळी समाधानाने घरी जातात. पुढच्या सोमवारी तिच्या ताटात काय वाढले जाते हे पाहण्यास त्यांतला कोणीही नसतो.

कायद्यातही हा रेटा आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी याने रखमाबाईंवर ‘नांदायला यावे’ म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा केला. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याच्या घरी कधी राहिल्याच नव्हत्या. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’सह त्या काळचे पुष्कळसे प्रतिष्ठित मत त्यांच्या विरोधात होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. ज्या तत्त्वावर तो दावा उभा होता ते तत्त्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. आता तुरुंग नाही, मालमत्तेवर टाच येऊ शकते एवढेच. जानेवारी २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. असा हुकूम पाळला नाही केवळ एवढ्यावरून पत्नीचा पोटगीचा हक्क जात नाही. ‘नोटीस आली आहे, आता जावेच लागेल’ या भीतीने परतणाऱ्या बाईला हे कोणी तरी सांगावयास हवे.

आणखी एक तरतूद फारशी माहीत नसते. क्रूरतेच्या कारणावरून न्यायालयात दाद मागणाऱ्याने त्या क्रूरतेला क्षमा केलेली नसली पाहिजे, असे याच कायद्याचे तेविसावे कलम सांगते. दास्ताने खटला म्हणून ओळखला जाणारा १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. तेथे दाद मागणारा पती होता. पत्नीचे वर्तन क्रूरतेत मोडते असे न्यायालयाने मानले. पण पतीने सहजीवन चालू ठेवल्यामुळे क्षमा झाली असे ठरवून त्याचे अपील फेटाळले. क्षमा ही पुढे नीट वागण्याच्या अटीवर असते आणि पुन्हा छळ झाला तर जुनी तक्रार जिवंत होते, असेही त्याच निकालात म्हटले आहे. तात्पर्य, ‘महिनाभर राहून पाहते’ ही गोष्ट वाटते तितकी बिनखर्ची नाही. तसे करावयाचेच असेल तर आधी वकिलाला विचारावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ही १९८७ च्या कायद्यातील सोय आहे.

या खटल्यावरून ओघानेच सांगावयाचे तर, मानसिक छळ सोसणारे पुरुषही आहेत. २००५ च्या कायद्याचे दार त्यांना उघडे नाही. घटस्फोटाच्या कायद्यात मात्र क्रूरता दोघांनाही सारखीच लागू आहे. त्यांना हसू नये, एवढी अपेक्षा तरी करता येईल. आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींचे काय? लग्न नाही, घर नाही, तरी ‘फोनचा पासवर्ड दे’, ‘अमक्याशी बोलू नकोस’, ‘कोठे आहेस त्याचा फोटो पाठव’ हे मी कॉलेजच्या कट्ट्यावर रोज ऐकते. तेथे बुडीत खर्च अजून थोडा आहे. निघणे स्वस्त आहे ते याच वयात.

आता पैशाकडे येते, कारण माझ्या मते परतीचा प्रश्न शेवटी येथे ठरतो. अमर्त्य सेन यांनी १९९० साली कुटुंबाचे वर्णन सहकार आणि संघर्ष यांचे मिश्रण असे केले. घरात कोणाचे किती चालणार, हे घर मोडल्यास कोणाची अवस्था काय होईल यावर ठरते. ज्याला बाहेर जागा आहे त्याचा शब्द आत जड असतो. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत ज्या स्त्रियांच्या नावावर जमीन वा घर काहीच नव्हते त्यांपैकी ४९ टक्क्यांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. तिच्यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दीर्घकाळ मार सोसलेल्या १७९ स्त्रियांपैकी ४३ जणी घर सोडून गेल्या. मालमत्ता असलेल्यांत सोडून जाण्याचे प्रमाण ७१ टक्के, नसलेल्यांत १९ टक्के. गेलेल्यांपैकी २४ जणी परत आल्या आणि या परतलेल्यांत ८८ टक्के स्त्रियांच्या नावावर काहीच नव्हते. ही पाहणी मारहाणीविषयी आहे हे खरे. पण रात्री कोठे झोपायचे हा प्रश्न टोमण्याने निघालेल्या बाईला काही वेगळा नसतो.

म्हणून शिक्षिका, कारकून, परिचारिका अशा पगारदार भगिनींना काही रुक्ष गोष्टी सांगते. पगाराचे खाते एकटीच्या नावावर असावे आणि त्याचे कार्ड व सांकेतिक क्रमांक आपल्याजवळ असावेत. प्रॉव्हिडंट फंड, विमा, पोस्टातली बचत यांवरची वारसाची नोंद पाहून घ्यावी. आधार, पदवीची प्रमाणपत्रे, मुलांचे जन्मदाखले, विवाहनोंदणीचा दाखला यांच्या प्रती घराबाहेर एका विश्वासू ठिकाणी असाव्यात. तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा निघेल एवढी शिल्लक हळूहळू साठवावी. परतण्याचा निर्णय पुष्कळदा प्रेमाने नव्हे तर महिन्याच्या वीस तारखेने घेतलेला असतो. आणि निघालेच पाहिजे असेही नाही. २००५ च्या कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले.

राहता राहिले माहेर. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंका दूर केली. पण आपल्याकडे एक रीत आहे. वडील गेल्यावर वर्षभरात भाऊ बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करावयास बोलावितो. बहिणी येतात, सह्या करतात, जेवतात, साडी घेऊन जातात. सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती असते. आणि पुढे कधी तीच बहीण मुलाचा हात धरून दारात उभी राहते तेव्हा भाऊ म्हणतो, ‘चार दिवस राहा, मग मी येतो सोडायला.’ तो दुष्ट नसतो. दोन खोल्यांत त्याचाही संसार असतो. म्हणून सहीसाठी बोलावणे आले की बहिणीने तो कागद आधी घरी मागवून वाचावा, एखाद्या वकिलाला दाखवावा, आणि निदान एक खोली वा तिच्या किमतीएवढी ठेव आपल्या नावे राहील अशी दुरुस्ती त्यात सुचवावी. भावाने ती मान्य करावी.